न हरलेला संघ, न आलेलं आमंत्रण : सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१चा फुटबॉल हंगाम

प्रश्न थोडक्यात असा आहे : सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १९५१मध्ये नऊपैकी नऊ सामने जिंकले, तरी त्यांना एकाही बाऊल सामन्याचं बोलावणं आलं नाही आणि लगेच कॉलेजने फुटबॉलच बंद केला. हे निव्वळ वर्णभेदामुळे झालं का, की नंतर रंगवलेली गोष्ट आहे?

आधी उत्तर देतो. बोलावणं न येण्यामागे वर्णभेद होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण संघ बंद पडला तो पैशामुळे, आणि तो तसाही बंद पडायच्या बेतात होता. या दोन गोष्टी एकात एक मिसळून सांगितल्या जातात, म्हणून गोंधळ होतो. मी कॅलिफोर्नियात बरीच वर्षं शाळांच्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. या भागातल्या जुन्या पंचांच्या आणि कोचांच्या तोंडी हा संघ अजून असतो, तोही बाऊलमुळे कमी आणि त्यातल्या माणसांमुळे जास्त.

(फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. लांबुळका चेंडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला.)

बाऊल म्हणजे काय हे नीट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या काळी कॉलेज फुटबॉलला बाद फेरी नव्हती. नोव्हेंबरअखेर हंगाम संपायचा आणि मग १ जानेवारीच्या आसपास काही शहरांमध्ये एकेकच मोठा सामना व्हायचा. मायामीत ऑरेंज बाऊल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बाऊल, डॅलसला कॉटन बाऊल, जॅक्सनव्हिलला गेटर बाऊल. सामना भरवायची ती त्या शहरातल्या व्यापाऱ्यांची आणि प्रतिष्ठितांची कमिटी, आणि कोणाला बोलवायचं हेही तीच ठरवायची. जत्रेतली शेवटची मानाची कुस्ती जशी पंचकमिटी लावते तसंच. तुम्ही कितीही कुस्त्या मारून आलेले असा, जोड लावणारे ते. या चार नावांतलं एक तरी शहर दक्षिणेबाहेरचं आहे का बघा. पॅसाडीनाचा रोझ बाऊल तेवढा कॅलिफोर्नियात, पण १९४७पासून त्याचा दोन मोठ्या कॉन्फरन्सशी, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांशी, करार होता. पॅसिफिक कोस्ट आणि बिग टेन यांचेच संघ तिथे खेळणार. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ कुठल्याच मोठ्या कॉन्फरन्समध्ये नव्हतं. घराजवळचं दार असं आधीच बंद.

राष्ट्रीय विजेता कोण, हे पत्रकारांच्या मतदानाने ठरायचं, आणि गंमत म्हणजे शेवटचं मतदान बाऊल सामन्यांच्या आधी व्हायचं. १९५१चा विजेता टेनेसी. तो १ जानेवारी १९५२ला शुगर बाऊलमध्ये मेरिलँडकडून २८–१३ असा सडकून हरला, तरी विजेता तो विजेताच. मिशिगन स्टेट नऊपैकी नऊ जिंकून दुसरा. प्रिन्स्टनही नऊपैकी नऊ, पण सहावा. आणि सॅन फ्रान्सिस्को चौदावा. तेव्हा ‘अजिंक्य राहूनही विजेता नाही’ हे एकट्या याच संघाच्या वाट्याला आलं असं नाही. त्या वर्षी तसे बरेच होते.

आता संघाकडे येतो. हा संघ दुसऱ्या महायुद्धाने घडवला होता. १९४४च्या जीआय बिलामुळे लढून आलेल्या सैनिकांच्या कॉलेजचा खर्च सरकार उचलू लागलं, आणि देशभरच्या कॉलेजांच्या मैदानांवर अठरा वर्षांच्या पोरांच्या जागी बाविशी-चोविशीचे, थंडीत खंदकात झोपून आलेले पुरुष दिसायला लागले. जीनो मार्केटी त्यातलाच. १९४४-४५च्या हिवाळ्यात बल्जच्या लढाईत मशीनगन चालवणारा, परत येऊन बारमध्ये काम करणारा. कॉलेजला पहिल्यांदा आला तो मोटारसायकलवर, काळं लेदर जॅकेट घालून, आणि कोचच्या कपाळाला आठ्या पडल्या, असं सांगतात. अशा माणसाला तिसऱ्या क्वार्टरमध्ये ‘दमलास का’ म्हणून विचारून काय उपयोग?

त्याच्या जोडीला बॉब सेंट क्लेअर, सहा फूट नऊ इंच, कच्चं मांस खाण्याबद्दल प्रसिद्ध. चेंडू घेऊन पळणारा ऑली मॅटसन, टेक्ससमधल्या ट्रिनिटी गावातून सॅन फ्रान्सिस्कोत आलेला. बचावाच्या दुसऱ्या फळीतला लाईनबॅकर बर्ल टोलर, टेनेसीतल्या मेम्फिसचा. मॅटसन आणि टोलर आधी सिटी कॉलेजला एकत्र खेळले आणि मग टेकडीवरच्या या जेझुइट, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या, कॉलेजात आले. संघात कृष्णवर्णीय खेळाडू हे दोघेच. कोच ज्यो कुहारिच, स्वतः नोत्र दाम या फुटबॉलसाठी नावाजलेल्या विद्यापीठाचा खेळाडू, कडक. (पुढे त्याच नोत्र दामचा कोच झाल्यावर तो जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त. हा खेळ कोणाला काय दाखवेल सांगता येत नाही.) आणि वर्तमानपत्रांना बातम्या पुरवायला कॉलेजने नेमलेला एक तरुण, पीट रोझेल. आपल्या संघाचं नाव पूर्वेकडच्या पेपरांत यावं म्हणून तो जिवाचं रान करायचा. ते नाव लक्षात ठेवा.

कॉलेजला स्वतःचं मोठं मैदान नव्हतं. सामने व्हायचे गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यातल्या केझार स्टेडियममध्ये. तिथे धुकं असायचं, समुद्रपक्षी असायचे, आणि १९४६पासून तिथेच फॉर्टीनाइनर्स हा व्यावसायिक संघही खेळायला लागला होता. म्हणजे एकाच शहरात, एकाच मैदानावर, एकाच प्रेक्षकाच्या खिशासाठी कॉलेज आणि धंदेवाईक संघ समोरासमोर. पैशाच्या भागात याकडे परत यावं लागेल.

समोरचे संघ हलके होते, असं टीकाकार म्हणतात, आणि हंगामाचं वेळापत्रक पाहिलं की त्यांचा मुद्दा कळतो. सॅन होजे स्टेटशी दोनदा सामना. मग आयडाहो, सँटा क्लारा. कॅम्प पेंडलटनचे मरीन आणि सॅन डिएगोच्या नौदल केंद्राचा संघ. ही सैन्याची पथकं त्या काळी कॉलेजांशी सर्रास खेळायची, आणि कोरियाच्या युद्धामुळे त्यांच्याकडे चांगले खेळाडूही असायचे. पण मतदान करणाऱ्या न्यूयॉर्कच्या पत्रकाराला त्याचं काय? मोठी कॉलेजं यांच्याशी खेळायला तयार नसायची, कारण छोट्या कॉलेजकडून हरलो तर नाक कापलं जाणार आणि जिंकलो तर शाबासकी मिळणार नाही. मग ‘तुम्ही मोठ्यांशी खेळलाच नाहीत’ म्हणून यांनाच खाली ढकलायचं. असं ते चक्र.

पूर्वेकडच्यांनी हा संघ प्रत्यक्ष पाहिला तो एकदाच, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला फोर्डमविरुद्ध. सामना ३२–२६ असा जेमतेम जिंकला, पण मॅटसनने किक-ऑफचे, म्हणजे खेळ सुरू करताना समोरच्याने लाथाडलेले, दोन चेंडू झेलून नव्वद यार्डांच्या आसपास पळवत थेट टचडाऊनला, म्हणजे समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार, नेले. एका सामन्यात एकदा असं घडलं तरी लोक वर्षभर बोलतात. त्याची हंगामाची बेरीज चेंडू घेऊन पळत काढलेले १,५६६ यार्ड आणि २१ टचडाऊन, दोन्ही त्या वर्षी देशात सर्वांत जास्त, आणि हे फक्त नऊ सामन्यांत. शिवाय बचावातही तोच खेळायचा. उत्कृष्ट खेळाडूची हाइजमन ट्रॉफी प्रिन्स्टनच्या डिक काझमायरला मिळाली आणि मॅटसन नववा आला. काझमायर चांगला होता, पण नववा? मला हा निकाल कधीच पटलेला नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला ड्रेक विद्यापीठाचा जॉनी ब्राइट हा कृष्णवर्णीय खेळाडू जबडा मोडून बाहेर पडला. चेंडू त्याच्याकडे नसताना समोरच्याने त्याला ठोसा हाणला होता. डे मॉइनच्या वर्तमानपत्राने टिपलेल्या त्या फोटोंना पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. मैदानावरच्या पंचांना मात्र त्यात गुन्हा दिसला नव्हता. पंचगिरी करणाऱ्याने ते फोटो एकदा तरी ओळीने लावून पाहावेत. हवा कशी होती ते कळण्यासाठी हे सांगितलं.

नोव्हेंबरमध्ये स्टॉकटनला पॅसिफिक कॉलेजशी सामना झाला. बाऊलवाल्यांची माणसं कोणाला बोलवायचं याचा अंदाज घेत फिरत असतात ते हेच दिवस. सॅन फ्रान्सिस्कोने ४७–१४ असा धुव्वा उडवला. आठवडाभराने, २४ नोव्हेंबरला, पॅसाडीनाच्या रोझ बाऊल स्टेडियममध्ये लॉयोलाला २०–२ असं हरवलं आणि हंगाम नऊपैकी नऊवर संपला. रोझ बाऊल सामन्याचं दार बंद, पण रिकामं स्टेडियम भाड्याने मिळत होतं!

मग वाट पाहणं. खेळाडूंनी पुढे वर्षानुवर्षं दिलेल्या मुलाखतींत एकच गोष्ट सांगितली : बोलणी झाली होती, पण अट होती की मॅटसन आणि टोलरला घरी ठेवून या. बहुतेक ठिकाणी ऑरेंज बाऊलचं नाव येतं. संघाने नाही म्हटलं. यावर मोठी सभा झाली, भाषणं झाली, कोणी रडलं, असं काही नाही. ‘ते दोघं नसतील तर आम्हीही नाही,’ एवढ्यात विषय संपला. या गोष्टीवर चित्रपटासारखा साज चढवणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच. तिथे वाद झालाच नाही, हेच तर त्या पोरांचं मोठेपण होतं.

आता शंकेखोरांचं ऐकू. ते म्हणतात, वेळापत्रक हलकं होतं, छोट्या कॉलेजमागे प्रेक्षक दक्षिणेपर्यंत प्रवास करून आले नसते, म्हणून कमिट्यांनी दुसरीकडे पाहिलं. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण बोलावलं कोणाला ते बघा. ऑरेंज बाऊलला जॉर्जिया टेक आणि बेलर. टेकची एक बरोबरी झालेली, बेलरचा एक पराभव आणि एक बरोबरी. गेटर बाऊलला मायामी आणि क्लेमसन, दोघंही एकापेक्षा जास्त सामने हरलेले. क्लेमसनला तर त्यांच्याच कॉन्फरन्सने बाऊल खेळायला मनाई केली होती, तरी ते गेले आणि पुढच्या वर्षी त्याची शिक्षा भोगली. मनाई झालेला, हरलेला संघ चालतो आणि न हरलेला चालत नाही, हे नुसत्या वेळापत्रकाने समजावता येत नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही सरसकट विधान करता येत नाही. पेन स्टेटकडे १९४७च्या हंगामात वॉली ट्रिपलेट आणि डेनिस हॉगार्ड हे कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि १ जानेवारी १९४८ला ते डॅलसच्या कॉटन बाऊलमध्ये खेळले. हॉटेलात एकत्र उतरू देणार नाहीत म्हणून सगळा संघ शहराबाहेर नौदलाच्या तळावर राहिला, पण खेळला. त्याआधी १९४६मध्ये याच पेन स्टेटने मायामी विद्यापीठाविरुद्धचा सामना रद्द केला होता, कारण मायामीला कृष्णवर्णीय खेळाडू नको होते. आणि १९५२च्या जानेवारीत एल पासोच्या सन बाऊलला कोण गेलं? पॅसिफिक. स्टॉकटनला ४७–१४ मार खाल्लेलं तेच कॉलेज, आणि त्यांच्या संघात एडी मेकन हा चेंडू घेऊन पळणारा कृष्णवर्णीय खेळाडू होता. टेक्सस टेककडून ते २५–१४ हरले.

माझं मत असं. दक्षिणेतल्या कमिट्यांना कृष्णवर्णीय खेळाडू नको होते, पण समोरचा संघ पुरेसा मोठा असेल, त्याच्या मागे नाव आणि गर्दी असेल, तर त्यातली एखादी कमिटी अडचण गिळायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या मागे ते वजन नव्हतं. त्यांना ‘नाही’ म्हटल्याने कमिटीचं एक डॉलरचंही नुकसान होत नव्हतं. द्वेषाने दार लावलं आणि कॉलेजच्या लहानपणामुळे ते उघडायची कोणाला गरज भासली नाही. दोन कारणांतलं एक निवडा असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की ती दोन्ही एकाच दाराला लागलेली होती.

पैशाचं काय? कॉलेज त्या वेळी मुलांचंच, लहान, देणग्यांवर चालणारं. फुटबॉल दरवर्षी तोट्यात. कोरियाच्या युद्धाने सैन्यभरती सुरू झाली, वर्ग रिकामे होऊ लागले, जीआय बिलावर आलेली पिढी शिकून बाहेर पडत होती. फॉर्टीनाइनर्स रविवारी त्याच केझारवर खेळत होते. घरोघरी टीव्ही येत होता. अशा वेळी जानेवारीतला एखादा मोठा बाऊल मिळाला असता तर त्याच्या कमाईने आणखी एक-दोन हंगाम निघाले असते, बास. त्याच हिवाळ्यात कॉलेजने मोठ्या पातळीवरचा फुटबॉल बंद केला. काही वर्षांनी लहान पातळीवर थोडा काळ तो परतला, पण ती गोष्ट वेगळी.

हे एकट्या सॅन फ्रान्सिस्कोचं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातच सेंट मेरीज कॉलेज आदल्या वर्षी थांबलं होतं. सँटा क्लाराने १९५०च्या ऑरेंज बाऊलमध्ये कोच बेअर ब्रायंटच्या केंटकीला हरवलं होतं, त्यांनी १९५२नंतर गाशा गुंडाळला. ज्या लॉयोलाशी शेवटचा सामना झाला त्यांनीही तोच हंगाम शेवटचा केला. पूर्वेकडे जॉर्जटाऊन आणि ड्यूकेन १९५०नंतर, फोर्डम १९५४नंतर. शहरातल्या कॅथलिक कॉलेजांची ही सगळी माळ चार-पाच वर्षांत तुटली, आणि त्यातल्या बहुतेकांना बाऊलच्या वर्णभेदाशी काही देणंघेणं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोने पैसा आणि लक्ष बास्केटबॉलकडे वळवलं. बिल रसेल तिथे आला आणि १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी घेतली. बास्केटबॉलला कमी माणसं लागतात आणि वर छप्पर असतं. हिशेब साधा होता.

संघातली माणसं विखुरली. कुहारिच शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक संघाचा कोच झाला. सेंट क्लेअरचं एक वर्ष शिल्लक होतं, ते त्याने टल्सा विद्यापीठात काढलं आणि मग फॉर्टीनाइनर्सकडून परत केझारवरच खेळला. आज त्या मैदानाला त्याचं नाव आहे. मॅटसन १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेला आणि ४०० मीटरमध्ये कांस्य, रिलेत रौप्य घेऊन आला. आपले खाशाबा जाधव जिथे कांस्य जिंकले तेच हे ऑलिंपिक. मग तो कार्डिनल्सकडून खेळला. १९५९मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने त्याच्या बदल्यात खेळाडू आणि ड्राफ्टमधली (कॉलेजातून नवे खेळाडू वाटून घेण्याच्या फेरीतली) एक निवड मिळून नऊ जण देऊन टाकले. हा सौदा करणारा रॅम्सचा जनरल मॅनेजर म्हणजे आपला पीट रोझेल. पुढच्याच वर्षी रोझेल सगळ्या नॅशनल फुटबॉल लीगचा कमिशनर झाला आणि टीव्हीच्या करारांवर त्याने त्या लीगचं साम्राज्य उभं केलं. ज्या टीव्हीने आणि व्यावसायिक खेळाने त्याचं कॉलेज आटवलं, त्यातूनच. १९५१च्या या एका संघातले मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर असे तिघं व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत, पहिले दोघं तर १९७२मध्ये एकदमच गेले.

टोलरबद्दल थोडं जास्त लिहितो. क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला निवडलं होतं, पण १९५२च्या ऑगस्टमध्ये शिकागोला कॉलेज ऑल-स्टार सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि खेळणं संपलं. तो शिक्षक झाला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक. आणि १९६५मध्ये लीगने त्याला पंच म्हणून घेतलं. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांमधला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये एमेट अॅशफर्ड पुढच्या वर्षी आला.

त्याची जागा हेड लाईन्समनची. बाहेरून पाहणाऱ्याला ती बिनमहत्त्वाची वाटते, म्हणून सांगतो. साईडलाईनवर, चेंडूच्या रेषेत बरोबर उभं राहायचं. चेंडू हलायच्या आधी कोण हललं ते बघायचं. खेळ सुटला की पळणाऱ्याला अडवलं त्या क्षणी तो जिथवर पोचला होता, त्या बिंदूसमोर आपलं पाऊल आणून रोवायचं. मागे ढकलला गेला तरी पाऊल मागे घ्यायचं नाही. चेंडू त्या पावलाच्या रेषेत ठेवतात. दहा यार्डांची साखळी धरणारी माणसंही त्याच्याच हाताखाली. आणि हे सगळं करताना पाठीमागे दोन-चार पावलांवर एका संघाचा अख्खा बेंच असतो. तुमचं पाऊल सहा इंच इकडेतिकडे झालं असं ज्याला वाटतं, तो कोच थेट कानात ओरडतो. मी शाळेच्या सामन्यात काय काय ऐकून घेतलंय ते इथे लिहिता येणार नाही. १९६५ साली, दक्षिणेतल्या शहरांत, टोलरने त्या जागी काय ऐकलं असेल त्याचा अंदाज करा. तो २५ हंगाम तिथे उभा राहिला. जानेवारी १९८०मध्ये चौदाव्या सुपर बाऊलला, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याला, पॅसाडीनाच्या रोझ बाऊल स्टेडियममध्ये हेड लाईन्समन होता बर्ल टोलर, आणि लीगचा कमिशनर होता रोझेल. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने २०१७मध्ये एका वसतिगृहाचं जुनं नाव काढून त्याला टोलरचं नाव दिलं.

राहिला प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे त्यांना आता मागाहून १९५१चं विजेतेपद द्यावं का. माझ्या मते नाही. टेनेसी, मेरिलँड, मिशिगन स्टेट यांच्याशी ते खेळलेच नाहीत, आणि कागदावर सामना लावून निकाल देता येत नाही. मेरिलँडची ती फळी फार जबरदस्त होती, मॅटसनला तिने सहज सोडलं नसतं. पण चौदावा क्रमांक हाही काही निकाल नव्हे. पहिल्या सहांत त्यांना ठेवायला माझी हरकत नाही, आणि बेलरच्या जागी ऑरेंज बाऊलला त्यांनाच पाठवायला हवं होतं, अकराच्या अकरा जण आणि बेंचवरचे सगळे, मॅटसन आणि टोलरसकट.